एकाच छायाचित्रातील रंग दोघांना वेगळा का दिसतो?

कवडसा

नमस्कार. गेल्या महिन्यात चुलतबहिणीच्या साखरपुड्याची साडी ठरवताना आमच्या घरात एक प्रसंग घडला आणि त्यातून पडलेला प्रश्न काही केल्या डोक्यातून जात नाही, म्हणून हा धागा काढत आहे. काकूने दुकानातून एका साडीचे छायाचित्र पाठवले. आई आणि मी सोफ्यावर शेजारी शेजारी बसून एकाच मोबाइलवर ते पाहत होतो. आई म्हणाली, "साखरपुड्याला राखाडी कशाला?" मला ती साडी स्वच्छ अस्मानी दिसत होती, इतकी स्वच्छ की आई उगाच नावे ठेवते आहे असेच मला क्षणभर वाटले. मी मोबाइल तिच्या हातात दिला, पडद्याचा उजेड वाढवला, कमी केला, आम्ही जागाही बदलून पाहिल्या. तिचे मत बदलले नाही आणि माझेही नाही.

साडी घरी आली तेव्हा ती अस्मानीच निघाली. माझे बरोबर आले याच्या आनंदापेक्षा मला अस्वस्थताच अधिक वाटली, कारण आईला रंग ओळखण्यात कधीही अडचण आलेली नाही. दोन डब्यांतली जुनी हळद कोणती आणि नवी कोणती हे ती नुसत्या रंगावरून सांगते.

हे वाचताना अनेकांना २०१५ सालचा तो पोशाख आठवेल. स्कॉटलंडमधील एका लग्नात वधूच्या आईने घालायच्या पोशाखाचे मोबाइलवर काढलेले छायाचित्र त्या वर्षी २६ फेब्रुवारीला टम्बलरवर आले आणि दोन दिवसांत जगभर पसरले. काहींना त्यावर पांढरे आणि सोनेरी पट्टे दिसत होते, काहींना निळे आणि काळे. प्रत्यक्षात तो पोशाख निळा होता आणि त्यावरची लेस काळी होती. साडीचा वाद झाल्यावर मी तेही छायाचित्र शोधून आईला दाखवले. तिला तो पोशाख पाहताक्षणी निळा-काळा दिसला. मला मात्र तो तेव्हाही पांढरा-सोनेरी दिसला होता आणि खरा रंग माहीत असूनही आजही तसाच दिसतो. म्हणजे आईच्या डोळ्यांना निळा रंग कमी दिसतो असेही म्हणता येत नाही, कारण एका छायाचित्रात निळा तिला दिसत नाही आणि दुसऱ्यात मला.

हा फरक नेमका कोठे पडतो? पडद्यात, डोळ्यात की त्यापुढे कोठेतरी? ज्यांना या विषयाची जाण आहे त्यांनी कृपया सविस्तर लिहावे. मला उत्तर घाईने नको, नीट हवे आहे.

स्पष्टवक्ता

माझ्या मते कारण पडद्यात आहे. रात्री पडदा पिवळसर करणारी सोय आता बहुतेक मोबाइलमध्ये असते, काही पडदे तिरके धरले की रंग फिके पडतात आणि प्रत्येक कंपनी आपले पडदे वेगवेगळ्या पद्धतीने भडक करते. आपण ज्याला एकच छायाचित्र म्हणतो ते दोन पडद्यांवर प्रत्यक्षात दोन वेगळी छायाचित्रे असतात.

कवडसा

स्पष्टवक्ता, दोन घरांत बसून वाद झाला असता तर मी हे लगेच मान्य केले असते. आम्ही दोघी एकाच वेळी एकाच पडद्याकडे पाहत होतो, आणि जागा बदलल्यानंतरही दोघींची मते जिथल्या तिथे राहिली.

घाटमाथा

मी गेली १८ वर्षे लग्नसमारंभांची छायाचित्रे काढतो, त्यामुळे या प्रश्नाचा कॅमेऱ्याकडचा अर्धा भाग सांगू शकतो.

कॅमेऱ्याला प्रकाशाचा रंग कळत नाही, त्याला तो ठरवावा लागतो. आम्ही त्याला व्हाइट बॅलन्स म्हणतो. पुष्कळ कॅमेरे स्वयंचलित व्हाइट बॅलन्स करताना ढोबळमानाने असे धरून चालतात की चौकटीतील सगळ्या रंगांची सरासरी करडी असली पाहिजे, आणि ती तशी नसेल तर तो प्रकाशाचा दोष समजून उलट रंग मिसळतात. हळदीच्या समारंभात याचा फार त्रास होतो. झेंडूच्या माळा पिवळ्या, नवरीची साडी पिवळी, अंगाला लावलेली हळद पिवळी. कॅमेऱ्याला वाटते की उजेडच पिवळा आहे आणि तो सगळ्या चित्रात निळसर छटा ओततो. मग नवरी आजारी असल्यासारखी दिसते. म्हणून मी अशा ठिकाणी आधी एक करडे कार्ड उजेडात धरून कॅमेऱ्याला खरा प्रकाश शिकवतो आणि मगच कामाला लागतो.

त्या पोशाखाच्या छायाचित्रातही असेच अनेक दोष एकत्र आले आहेत. मागची बाजू उजेडाने जळून गेली आहे, पोशाखाने जवळजवळ सगळी चौकट व्यापली आहे, चेहरा नाही, हात नाही, पांढऱ्या भिंतीचा तुकडाही नाही. संगणकावर ते उघडून पोशाखावरचा एकेक ठिपका तपासला तर फिका भाग फिकट निळसर-जांभळट निघतो आणि गडद भाग तपकिरी. शुद्ध पांढरा किंवा गडद काळा त्यात कोठेच नाही. म्हणजे दोन्ही पक्षांना दिसणारे रंग पडद्यावर जसेच्या तसे नाहीतच. कवडसाताई, तुमच्या साडीच्या छायाचित्रात साडीखेरीज आणखी काही दिसते का?

कवडसा

काहीच नाही. दुकानदाराने साडी पूर्ण उलगडून धरली होती आणि काकूने अगदी जवळ जाऊन चौकटभर साडीच घेतली. काठसुद्धा एका कोपऱ्यात जेमतेम बोटभर आला आहे.

ओसरी

ताई, मी ३१ वर्षे शाळेत विज्ञान शिकवले. घाटमाथा यांनी कॅमेऱ्याची जी अडचण सांगितली, नेमकी तीच अडचण आपल्या मेंदूची आहे. मेंदू मात्र ती इतक्या सफाईने सोडवतो की आपल्याला अडचण होती हेच कळत नाही.

वस्तूवरून डोळ्यापर्यंत जो प्रकाश येतो तो दोन गोष्टींचा गुणाकार असतो. वस्तूवर कोणता प्रकाश पडला ही एक गोष्ट, आणि त्यातला कोणता भाग किती प्रमाणात तिने परत फेकला ही दुसरी. डोळ्याच्या हाती फक्त गुणाकार येतो. मी वर्गात विचारत असे की दोन संख्यांचा गुणाकार २४ आहे एवढेच सांगितले तर त्या संख्या कोणत्या हे कसे सांगाल? ६ आणि ४ असतील, ८ आणि ३ असतील, १२ आणि २ सुद्धा असतील. मुले म्हणत, सर, एक संख्या तरी सांगा. मेंदूला ती एक संख्या कोणी सांगत नाही. आजूबाजूच्या खुणांवरून उजेड कसा आहे याचा अंदाज बांधून ती त्याला स्वतःच धरावी लागते. एकोणिसाव्या शतकात हेल्महोल्ट्झ या जर्मन शास्त्रज्ञाने याला नकळत केलेले अनुमान म्हटले होते आणि मला आजही त्याहून नेमके वर्णन सापडलेले नाही.

हा अंदाज बहुतेक वेळा इतका अचूक असतो की पांढरा सदरा भर दुपारी अंगणात, आंब्याच्या सावलीत आणि रात्री दिव्याखाली आपल्याला पांढराच दिसतो, जरी या तिन्ही ठिकाणी त्यावरून डोळ्यात शिरणारा प्रकाश अतिशय वेगळा असतो. प्रकाशाच्या रंगाचे माप केल्व्हिनमध्ये देतात. समईच्या ज्योतीचा उजेड सुमारे १,९०० केल्व्हिन, जुन्या पिवळ्या बल्बचा सुमारे २,७००, दुपारच्या उन्हाचा सुमारे ५,५००, आणि नुसत्या निळ्या आकाशाच्या उजेडातल्या सावलीचा त्याहूनही पुष्कळ वर असतो. आकडा जितका मोठा तितका उजेड निळसर. लक्षात घ्या की निसर्गातला उजेड दिवसभर पिवळ्याकडून निळ्याकडे आणि निळ्याकडून पिवळ्याकडे फिरत राहतो, हिरव्याकडे किंवा गुलाबीकडे फारसा जात नाही. म्हणून वस्तूवर निळसर छटा दिसली की ती वस्तूची की उजेडाची हा प्रश्न खरोखरच अवघड होतो.

आता तुमच्या पोशाखाकडे या. जो मेंदू असे धरतो की पोशाख सावलीत आहे आणि त्यावर निळसर उजेड पडला आहे, तो निळा उजेडाच्या खात्यावर टाकतो. उरतात पांढरा आणि सोनेरी. जो मेंदू धरतो की पोशाखावर पिवळा झगझगीत दिवा आहे, तो पिवळेपणा वजा करतो. उरतात निळा आणि काळा. दोघांचे गणित बरोबर आहे, फक्त धरलेली पहिली संख्या वेगळी आहे.

हा विचार नवा नाही. १७८९ साली पॅरिसच्या विज्ञान अकादमीपुढे गास्पार मोंज या गणितज्ञाने सभासदांना लाल काचेतून लाल कागद पाहायला सांगितला होता. काचेतून तो अधिकच लाल दिसायला हवा, पण तो पांढुरका दिसला, कारण सगळेच दृश्य लाल झाल्यावर मेंदू ती लाली उजेडाची समजून वजा करतो.

घरी करून पाहण्यासारखा एक प्रयोग सांगतो. जर्मन कवी गटे यांनी १८१० साली रंगांवरच्या आपल्या ग्रंथात मेणबत्ती घेऊन तो मांडला होता, आपण समई घेऊ. तिन्हीसांजेला खिडकीजवळ टेबलावर पांढरा कागद ठेवा. एका बाजूने खिडकीतला मावळता उजेड येऊ द्या, दुसऱ्या बाजूला समई ठेवा आणि मध्ये पेन्सिल उभी धरा. कागदावर दोन सावल्या पडतील. दोन्ही उजेड साधारण सारखे झाले की समईने पाडलेल्या सावलीकडे नीट पाहा आणि काय दिसले ते येथे लिहा.

काठपदर

ओसरी सरांचा प्रतिसाद वाचून आमच्या दुकानातली रोजची गोष्ट आठवली. आमचे आजोबांपासून मॅचिंग सेंटर आहे. ब्लाउजपीस, अस्तर, फॉल हे सगळे साडीला जुळवून द्यायचे हाच आमचा धंदा. दुकानात उजेड कितीही लख्ख असला तरी गिऱ्हाइकाला आम्ही पायरीवर आणून दिवसाच्या उजेडात कापड दाखवतोच. आजोबांची शिस्तच होती की दिवे लागल्यानंतर जांभळा, आमसुली आणि चिंतामणी हे तीन रंग जुळवून द्यायचे नाहीत. गिऱ्हाइकाला उद्या सकाळी या म्हणायचे. ट्यूबखाली ब्लाउजपीस साडीत मिसळून जाते आणि पायरीवर आणले की एक तांबूस दिसते, दुसरे निळसर. धूपछाव कापडाचे तर विचारूच नका, त्यात उभा धागा एका रंगाचा आणि आडवा दुसऱ्या रंगाचा असतो, त्यामुळे हातातली घडी जरा कलली की रंगच बदलतो.

एकदा मी स्वतः रात्री घाईने अस्तर दिले होते. त्या बाई दुसऱ्या दिवशी शिवलेला ब्लाउज घेऊन आल्या आणि पायरीवर उभ्या राहिल्या. काही बोलायची गरजच पडली नाही. त्यानंतर मीही आजोबांचा नियम मोडलेला नाही.

कवडसा

काठपदरताई, हे फार महत्त्वाचे आहे. पण सर, ट्यूबखाली जुळणारे कापड उन्हात न जुळणे आणि आमच्या साडीचा घोळ या दोन्ही गोष्टी एकच आहेत का?

ओसरी

नाहीत, आणि हा भेद करणे आवश्यक आहे. दोन कापडे वेगवेगळ्या रंगद्रव्यांनी रंगवलेली असली तर ती प्रकाशातील निरनिराळ्या लहरी वेगवेगळ्या प्रमाणात परत फेकतात. ट्यूबच्या प्रकाशात काही मोजक्या लहरींचा जोर असतो. तेवढ्यापुरती दोघांची बेरीज डोळ्याला सारखी भासते. उन्हात सगळ्याच लहरी आल्या की फरक उघडा पडतो. येथे डोळ्यात शिरणारा प्रकाशच बदललेला असतो, म्हणून ट्यूबखाली दुकानदाराला आणि गिऱ्हाइकाला दोघांनाही रंग जुळलेलाच दिसतो आणि उन्हात दोघांनाही तो चुकलेला दिसतो. छायाचित्राच्या वादात दोघांच्या डोळ्यांत शिरणारा प्रकाश तोच असतो, तरी निष्कर्ष वेगळे निघतात.

अनुस्वार

मला भाषेचा मुद्दा मांडायचा आहे. आमच्या आजीला मोरपंखी हिरव्यात मोजायची सवय होती आणि आई तो निळ्यात मोजते. दोघींना कदाचित दिसत एकच असेल, फक्त नाव वेगळे. साडीच्या बाबतीतही जो रंग एकीने राखाडी म्हटला तोच दुसरीने अस्मानी म्हटला असे असू शकत नाही का? रशियन भाषेत गडद निळा आणि फिका निळा यांना दोन स्वतंत्र मूळ नावे आहेत आणि २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असे आढळले की या दोन नावांच्या सीमेच्या दोन्ही बाजूंच्या छटा रशियन भाषकांना अधिक पटकन वेगळ्या ओळखता येतात. म्हणजे भाषेचा काहीतरी हात आहेच.

टेम्सकाठ

अनुस्वार, भाषेचा हात आहे हे मान्य, पण या प्रकरणात तेवढ्याने भागत नाही. मी इंग्लंडमध्ये राहतो आणि तो पोशाख येथे इतका गाजला की त्यावर पुढे झालेले संशोधन मी आवडीने वाचत गेलो.

जर्मनीतील गीसन येथे कार्ल गेगेनफुर्टनर यांच्या गटाने लोकांना रंगाचे नाव विचारण्यापलीकडे जाऊन नीट जुळवलेल्या पडद्यावर छायाचित्रासारखी छटा स्वतः जुळवायला सांगितली. तेव्हाही उत्तरे वेगळीच आली. पांढरा म्हणणाऱ्यांनी अधिक उजळ छटा जुळवली आणि निळा म्हणणाऱ्यांनी अधिक गडद. फरक फक्त नावाचा असता तर जुळवलेली छटा एक आली असती.

अमेरिकेत बेव्हिल कॉनवे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १,४०१ लोकांना विचारले. ५७ टक्के लोकांनी निळा-काळा सांगितला, ३० टक्के लोकांनी पांढरा-सोनेरी, ११ टक्के लोकांनी निळा-तपकिरी, आणि उरलेल्यांनी आणखी काही. त्यांच्या प्रयोगातला मला सर्वांत पटलेला भाग असा की तोच पोशाख त्यांनी अशा चित्रात बसवला ज्यात उजेड कोणता आहे हे स्पष्ट दिसत होते, आणि तसे केल्यावर बहुतेक लोकांची उत्तरे त्या उजेडाप्रमाणे एकसारखी झाली. म्हणजे खुणा मिळाल्या की मतभेद मावळतो.

नेवाडा विद्यापीठातील मायकेल वेबस्टर यांच्या गटाने याहून साधी गोष्ट केली. त्यांनी छायाचित्रातले रंग उलटे केले, त्यामुळे निळसर पट्टे पिवळसर झाले, आणि मग जवळजवळ सगळ्यांनाच ते पिवळे दिसले. तेवढीच छटा, पण पिवळी असली की आपण ती वस्तूची मानतो आणि निळी असली की उजेडाची मानायला सहज तयार होतो. ओसरी सरांनी आकाशाच्या उजेडातल्या सावलीबद्दल जे लिहिले त्याच्याशी हे नेमके जुळते.

न्यूयॉर्क विद्यापीठातील पास्कल वॉलिश यांनी १३,००० हून अधिक लोकांची उत्तरे गोळा करून २०१७ साली ती प्रसिद्ध केली. ज्यांनी पोशाख सावलीत आहे असे धरले होते त्यांना तो पांढरा-सोनेरी दिसण्याची शक्यता कितीतरी अधिक होती. लवकर उठणारे लोक, ज्यांचे आयुष्य दिवसाच्या उजेडात अधिक जाते, ते थोडे पांढऱ्याकडे झुकले आणि रात्री जागणारे निळ्याकडे. हा दुसरा परिणाम लहान आहे, वर्तमानपत्रांनी तो उगाच मोठा करून छापला.

पुढे याच संशोधकाने मुद्दाम असे छायाचित्र बनवता येते का ते पाहिले. गुलाबी रबरी चपला आणि पांढरे मोजे घेऊन त्यांवर हिरवा उजेड टाकला. पडद्यावर चपला करड्या आणि मोजे हिरवट झाले. ज्यांनी मोजे पांढरेच असणार असे मनाशी धरले त्यांना चपला गुलाबी दिसल्या. ज्यांनी मोजे हिरवे मानले त्यांना चपला करड्याच दिसल्या.

अंजन

मी दृष्टितपासणीचे काम करते, म्हणून डोळ्याबद्दल थोडे लिहिते, कारण डोळ्यांत फरक नसतोच असा समज व्हायला नको.

आपल्या प्रत्येक डोळ्यात रंग टिपणाऱ्या सुमारे ६० लाख शंकुपेशी असतात आणि त्या तीन प्रकारच्या असतात. १९९९ साली ऑस्टिन रूर्डा आणि डेव्हिड विल्यम्स यांनी जिवंत माणसाच्या डोळ्यातील या तिन्ही प्रकारांची मांडणी प्रथमच दाखवली. तेव्हापासूनच्या कामातून असे दिसले की लांब लहरी टिपणाऱ्या आणि मध्यम लहरी टिपणाऱ्या पेशींचे प्रमाण निरोगी माणसांतही अतिशय वेगवेगळे असते. एकात ते जवळपास सारखे असते तर दुसऱ्यात एक प्रकार दुसऱ्याच्या कितीतरी पट असतो. एवढा फरक असूनही, ज्यात हिरवट झाक नाही आणि तांबूस झाकही नाही असा शुद्ध पिवळा निवडायला सांगितला तर या माणसांची निवड जवळजवळ एकच येते. पेशींच्या मांडणीतला फरक मेंदू आयुष्यभराच्या अनुभवाने भरून काढतो.

रंगांधत्व ही वेगळी गोष्ट आहे. युरोपीय वंशाच्या पुरुषांत त्याचे प्रमाण सुमारे ८ टक्के आहे, स्त्रियांत अर्ध्या टक्क्याच्या आसपास. त्यात मुख्यतः लाल आणि हिरवा यांत गोंधळ होतो, निळा आणि पांढरा यांत नाही. म्हणून पोशाख पांढरा दिसला म्हणून कोणी घाबरून डोळे तपासायला येण्याचे कारण नाही. २०१५ साली आमच्याकडे असे दोघे खरोखरच आले होते.

वयाबरोबर डोळ्यातले भिंग पिवळट होते आणि निळा प्रकाश थोडा अडवते, हे मात्र खरे आहे. पण ते इतके सावकाश होते की मेंदू रोज थोडे थोडे जुळवून घेतो.

पिंपळपार

अंजन यांनी लिहिलेले मी स्वतः अनुभवले आहे. माझ्या उजव्या डोळ्याचे मोतीबिंदूचे ऑपरेशन आधी झाले आणि डाव्याचे चार महिन्यांनी. मधल्या काळात मी रोज सकाळी दोरीवर वाळत घातलेल्या पांढऱ्या धोतराकडे एकेक डोळा झाकून पाहत असे. उजव्या डोळ्याने ते नीळ जास्त झाल्यासारखे दिसे आणि डाव्याने ताकात भिजवून काढल्यासारखे. ऑपरेशनच्या आदल्या दिवसापर्यंत हेच धोतर मला दोन्ही डोळ्यांनी स्वच्छ पांढरे दिसत होते. काही आठवड्यांत उजव्या डोळ्याचा निळेपणा हळूहळू उतरला. धोतर तेच, साबण तोच.

अंजन

पिंपळपार काका, हे वर्णन मी आमच्याकडे येणाऱ्यांना जरूर सांगेन. चित्रकार क्लोद मोने यांचेही १९२३ साली उजव्या डोळ्याचे मोतीबिंदूचे ऑपरेशन झाले आणि त्यानंतर रंग विचित्र दिसतात अशी त्यांची तक्रार होती. त्यासाठी त्यांना रंगीत काचांचा चष्माही वापरावा लागला. रंगांवर जन्म घालवलेल्या माणसाला पांढरा कोणता हे नव्याने ठरवावे लागले.

स्पष्टवक्ता

मी माझा मुद्दा मागे घेतो. पत्नीला ते पोशाखाचे छायाचित्र माझ्याच मोबाइलवर दाखवले. मला निळा, तिला पांढरा. शिवाय क्योतोच्या रित्सुमेइकान विद्यापीठातील अकियोशी किताओका यांनी २०१७ साली तयार केलेले स्ट्रॉबेरीचे चित्रही पाहिले. त्यात सगळीकडे निळसर-हिरवी छटा आहे आणि फळे लालच दिसतात. कागदाला भोक पाडून त्यातून फळाचा एवढासा तुकडा पाहिला तर तो करडा निघाला. कागद बाजूला केला की पुन्हा लाल. पडद्यावर जे नाही ते मला दिसत होते, तेव्हा पडद्याला दोष देण्यात अर्थ नाही. मात्र येथे आमचे दोघांचेही मत एक झाले, तिलाही फळे लालच दिसली. पोशाखात आम्ही भांडतो आणि स्ट्रॉबेरीत एकमत होते, हे कसे?

ओसरी

कारण स्ट्रॉबेरीच्या चित्रात उजेडाची खूण भरपूर आहे. सगळे चित्रच एका छटेत बुडालेले असल्यामुळे वजा काय करायचे हे प्रत्येकाला एकसारखे कळते, आणि स्ट्रॉबेरी लाल असते हा अनुभवही मदतीला असतो. पोशाखाला असा आधार नाही. पोशाख कोणत्याही रंगाचा असू शकतो. साडीचेही तेच.

कवडसा

सर्वांचे मनापासून आभार. काल तिन्हीसांजेला आई आणि मी सरांनी सांगितलेला प्रयोग केला. आधी खिडकीचा उजेड जास्त होता तेव्हा समईची सावली दिसतच नव्हती. मग पडदा थोडा ओढला, समई जवळ घेतली आणि एका क्षणी पेन्सिलीच्या दोन्ही बाजूंना दोन सावल्या उमटल्या, एक केशरी आणि एक निळी. ती दुसरी किंचित निळसर वगैरे नव्हती, शाईसारखी निळी होती. आईने आधी पेन्सिलीचा रंग उतरतो आहे की काय म्हणून कागदावरून बोट फिरवून पाहिले. मग वहीचा कागद गुंडाळून केलेल्या नळीतून आम्ही फक्त तेवढीच सावली पाहिली, तेव्हा तिचा निळेपणा बराच उतरला. नळी काढली की तो परत आला.

त्यानंतर मी साडीचे ते छायाचित्र पुन्हा काढले आणि या वेळी रंग न विचारता आईला विचारले की हे छायाचित्र कोठे उभे राहून काढले असेल. आई लगेच म्हणाली, "दुकानाच्या दारात. साडी दारात नेल्याशिवाय कोण बघतं?" काठपदरताई, तुमच्या पायरीची मला तेव्हा आठवण झाली. आई आयुष्यभर साड्या दारात नेऊन, सावलीच्या उजेडात पारखत आली आहे, म्हणून तिने तो निळसरपणा दारातल्या उजेडाचा धरला आणि वजा केला. मागे राखाडी राहिला. मी स्वतःला तोच प्रश्न विचारला तेव्हा लक्षात आले की मी मनात दुकानाच्या आतले पिवळे दिवे धरले होते. काकूला फोन केला. छायाचित्र आत, गादीवर बसून, पिवळ्या दिव्यांखाली काढले होते. पोशाखाच्या छायाचित्रात मात्र मी त्याच्या मागच्या झगझगीत उजेडाकडे पाहून पोशाख सावलीत धरला होता, आणि आईने तो दुकानातल्या दिव्यांखाली धरला, म्हणून तेथे आमची उत्तरे उलटी झाली.

मग घाटमाथा यांनी लिहिलेल्या करड्या कार्डाची आठवण ठेवून काकूला साडी रात्री दिव्याखाली पसरायला सांगितली आणि शेजारी एक पांढरा रुमाल ठेवून पुन्हा छायाचित्र मागवले. रुमाल चित्रात पिवळट आला होता. या वेळी आईने मोबाइल हातात घेताच "अस्मानी" म्हटले.

त्यानंतर तिने जुने छायाचित्र पुन्हा उघडून पाहिले. आता तिला उजेड कोणता ते माहीत आहे, साडीही तिने हातात घेऊन पाहिली आहे. ती बराच वेळ पडद्याकडे बघत राहिली आणि म्हणाली की ते अजून राखाडीच दिसते आहे.